खाली वखार, वर घर

सरकारी नोकराचे घर कोणते, हा प्रश्न वरकरणी सोपा वाटतो. सेवापुस्तकात ‘मूळ गाव’ म्हणून एक नोंद असते आणि रजेच्या प्रवासाची सवलत तिच्याच आधारे मिळते. त्या गावी आपण वर्षाकाठी दहा दिवस असतो. उरलेले तीनशे पंचावन्न दिवस जेथे असतो त्या जागेस कागदोपत्री नुसता ‘सध्याचा पत्ता’ म्हणतात. आमच्या बहुतेक वाचकांना या दोन रकान्यांमधले अंतर स्वानुभवाने ठाऊक आहे. तेव्हा त्याविषयी अधिक लिहीत नाही. पुढे ज्या घरांची हकीकत सांगावयाची आहे ती वाचताना हे अंतर मनाशी असू द्यावे, एवढीच विनंती.

कोलकात्यास बदली होऊन आल्यावर आम्हांस प्रथम जी जागा मिळाली ती बडाबाजारातील एका गल्लीत, जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर होती. तळमजल्यावर हळद, सुंठ आणि लाल मिरची यांचे गोदाम. नव्या पाहुण्यास जिना चढेपर्यंत तीन-चार शिंका ठरलेल्याच. आईने दूरध्वनीवर विचारले, “अरे, घर कसे आहे?” आम्ही सांगितले, “खाली वखार, वर घर.” आमची आई सांगलीकडची, हरिपूरच्या हळदीच्या पेवांच्या गोष्टी तिने लहानपणापासून ऐकलेल्या. ती म्हणाली, “म्हणजे पेवावरच बिऱ्हाड केलेस म्हण की! आणि रात्री आग-बिग लागली तर उतरायचे कुठून?” तो प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. त्याच बाजारातील नंदराम मार्केटास जानेवारी २००८ मध्ये लागलेली आग काही दिवस धुमसत होती, आणि तिच्या आठवणी आमच्या शेजाऱ्यांच्या तोंडी अजून ताज्या होत्या.

त्या जागेत आम्ही दोन वर्षे काढली. पुढे सरकारी निवासस्थान मिळाले, शिंका थांबल्या. परंतु माल आणि माणूस एका छपराखाली का राहू लागले असावेत, हा प्रश्न मनात राहून गेला. गेल्या हिवाळ्यात आमचा धाकटा मेहुणा नोकरीनिमित्त सिंगापुरास असल्यामुळे आठ दिवस तिकडे जाणे घडले. (परदेशगमनाच्या परवानगीस त्याहून पुष्कळ अधिक दिवस लागले, हे सांगावयास नकोच.) तेथे नदीकाठच्या घरांची एक जुनी ओळ पाहिली, आणि आमच्या प्रश्नाचे उत्तर जणू विटा-चुन्यात मांडून ठेवलेले दिसले. तिचे नाव ‘बोट की’. ‘की’ म्हणजे धक्का. तेव्हा मराठीत आपण तिला होडीधक्का म्हणू.

प्रथम एका शब्दाचा खुलासा केला पाहिजे. ‘टेरेस’ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे गच्ची येते. इंग्रजांच्या वास्तुशास्त्रात मात्र एकमेकांस लागून असलेल्या, शेजाऱ्याशी भिंत समाईक असणाऱ्या आणि रस्त्याकडे सारखे तोंड करून उभ्या असलेल्या घरांच्या ओळीसही टेरेसच म्हणतात. व्हिक्टोरिया राणीच्या काळात, म्हणजे १८३७ ते १९०१ या अवधीत, इंग्लंडातील शहरे अशा ओळींनी भरून गेली. होडीधक्क्याची ओळ याच काळात भरास आली. मात्र तिच्या पोटात चिनी घराचा चौक आहे, तळात गोदाम आहे आणि दारात सर्वांसाठी खुली ओसरी आहे.

‘गोदाम’ हा शब्दही मोठा प्रवासी आहे. इंग्रजांचा ‘गोडाऊन’ मूळचा त्यांचा नव्हे. १८८६ साली प्रसिद्ध झालेल्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या कोशाने त्याचे मूळ मलय भाषेत आणि त्यामागे तमिळ-तेलुगूत शोधले आहे. तमिळातील ‘किडंगु’ म्हणजे माल साठविण्याची जागा. दक्षिण हिंदुस्थानातला शब्द समुद्रापार गेला, पोर्तुगीज व इंग्रज यांच्या तोंडी बसला आणि आपल्या बाजारपेठांतून ‘गोदाम’ म्हणून नांदू लागला. होडीधक्क्याच्या मागल्याच रस्त्यावर हा शब्द आम्हांस पुन्हा एका निराळ्या रूपात भेटणार आहे.

आता स्थळाचा इतिहास. सिंगापूर येथे ब्रिटिशांचे ठाणे सर स्टॅम्फर्ड रॅफल्स याने १८१९ साली बसविले. १८२२ साली त्याने नगराच्या आखणीसाठी समिती नेमली व लेफ्टनंट फिलिप जॅक्सन याने नकाशा तयार केला. नदीचा दक्षिण काठ दलदलीचा होता. जवळची एक टेकडी खणून तिची माती या दलदलीत घालण्यात आली. टेकडी होती तेथे व्यापाऱ्यांचा चौक झाला, त्यास पुढे रॅफल्स प्लेस हे नाव मिळाले. दलदल होती तेथे धक्का झाला. नदी या जागी पोट पुढे काढल्यासारखी वळते. चिनी व्यापाऱ्यांस ते वळण माशाच्या पोटासारखे भासले आणि अशा जागी दुकान घातल्यास भरभराट होते, अशी त्यांची श्रद्धा. श्रद्धेच्या जोडीस व्यवहारही होताच. मोठी जहाजे बाहेर समुद्रात नांगर टाकीत आणि त्यांचा माल सपाट बुडाच्या होड्यांतून या वळणापर्यंत येई. १८६० नंतरच्या दशकात सिंगापूरच्या जहाजी व्यापारापैकी तीन-चतुर्थांश उलाढाल या एका धक्क्यावर होत असे, असे सांगतात.

येथे आमच्यासारख्या कोलकात्यातल्या कारकुनास जवळची वाटणारी एक गोष्ट नमूद करतो. पेनांग, मलाक्का व सिंगापूर ही ठाणी १८२६ साली एका कारभाराखाली आली. १८३० पासून १ एप्रिल १८६७ रोजी ती लंडनच्या वसाहत खात्याकडे जाईपर्यंत त्यांच्यावर कलकत्त्याची हुकमत होती. ही ओळ उभी राहत असताना तेथील प्रकरणे शेवटी आमच्याच शहरातील टेबलांवर येत असली पाहिजेत. शिवाय बंगाल, मद्रास व मुंबई या तिन्ही इलाख्यांतील कैदी १८२५ पासून १८७३ पर्यंत सिंगापुरात ठेवण्यात येत. रस्ते करणे, दलदल बुजविणे, विटा पाडणे ही कामे त्यांच्या माथी असत. सेंट अँड्र्यूज हे १८५६ ते १८६१ या काळात बांधलेले मोठे चर्च त्यांच्याच हातचे. त्याच्या भिंतींच्या गिलाव्यात शिंपल्यांचा चुना, अंड्याचा पांढरा बलक व गूळ घालून, नारळाचे सोडण भिजविलेल्या पाण्यात तो मळल्याची नोंद आहे. मुंबई इलाख्यातून गेलेल्यांत आपली मराठी बोलणारी माणसेही असतील. त्यांच्या ‘मूळ गावा’चा रकाना कोणी भरला असेल, कोण जाणे.

असो. आता घराच्या आत जाऊ.

या ओळीतल्या घराची रुंदी सोळा-अठरा फुटांच्या आसपास आणि लांबी मात्र मागे पुष्कळ दूरवर गेलेली. रुंदी इतकी अरुंद असण्याचे कारण साधे आहे. घराचा भार दोन्ही बाजूंच्या समाईक भिंतींवर असतो आणि या भिंतींमध्ये लाकडी तुळया टाकून मजला उभा करतात. सहज मिळणारी तुळई जेवढी लांब तेवढे घर रुंद. दोन तुळयांमधला खण हे आपल्याकडे वाड्याचे माप. तेथे खुद्द तुळई हेच माप झाले. मागे वाढावयास मोकळीक होती म्हणून घरे लांबत गेली. भिंती समाईक असल्यामुळे बाजूंस खिडक्या नाहीत. म्हणून मधोमध आकाशाकडे उघडा चौक. चिनी भाषेत त्यास जे नाव आहे त्याचा अर्थ ‘आकाशाची विहीर’ असा होतो. प्रकाश, वारा आणि पाऊस, तिन्ही याच विहिरीतून घरात उतरतात. वाड्यात वाढलेल्या मराठी माणसास तो चौक पाहून परके वाटत नाही.

समाईक भिंत छपराच्याही वर हात-दोन हात चढविलेली दिसते. एका घरास आग लागली तर ती छपरावरून शेजारच्या घरात जाऊ नये, हा तिचा हेतू. आईचा प्रश्न त्या गवंड्यांनाही पडला होता तर! परंतु उत्तर त्यांनी अर्धेच दिले होते. शेजारी वाचावा म्हणून विटांची भिंत घातली. खालचा माल आणि वरची माणसे यांच्यामध्ये मात्र लाकडी तख्तपोशीच राहिली.

तळमजला मालाचा. तांदूळ, मिरी, कथिल, आणि चामडे कमाविण्यास लागणारा काथासारखा ‘गांबिये’ यांचे ढीग तेथे लागत. कलकत्त्याच्या लिलावात विकली गेलेली अफूही या शहराच्या बाजारात येई, हे विसरून चालणार नाही. एका बाजूस अरुंद, उभा जिना. वरच्या मजल्यावर पुढची खोली रस्त्यावर पुढे आलेली असे आणि काही घरांत तिच्या जमिनीस, बरोबर दारावर, एक लहानसे भोक पाडून त्यात लाकडी गुडदी बसविलेली असे. रात्री कोणी दार ठोठावले की गुडदी काढून वरूनच पाहावयाचे: माणूस ओळखीचा असेल तर खाली उतरावयाचे, नसेल तर गुडदी पुन्हा लावून टाकावयाची. हे भोक आम्हांस एका जुन्या घरात दाखविण्यात आले. आमच्या मते या साऱ्या वास्तूचे मर्म त्या तळहाताएवढ्या भोकात आहे.

कारण खालचा माल बहुधा मालकाचा नसे. युरोपीय पेढ्या चिनी व्यापाऱ्यांस माल उधारीवर देत. तो विकून, किंवा त्याच्या बदल्यात बेटांवरचा माल आणवून, मुदतीत हिशेब पुरा करावयाचा. अशा मालास आग लागली, चोरी झाली किंवा पाणी लागले तर व्यापाऱ्याची नुसती पुंजी जात नसे, पतही जात असे. आणि पत गेली की पुढली उधारी बंद. तेव्हा ज्याच्यावर आपले सारे नाव टांगलेले, त्याच्यावरच अंथरूण टाकून निजणे हे ओघानेच आले. दुसरे कारण भरती-ओहोटीचे. १८६९ साली नदीच्या मुखाजवळ कॅव्हेना पूल झाला, तो इतका ठेंगणा की भरतीच्या वेळी होड्यांस त्याखालून जाता येईना. पाणी उतरेपर्यंत वाट पाहावी लागे. होडी केव्हा धक्क्यास लागेल याचा नेम घड्याळावर नव्हता. मालक आणि हमाल घरीच असले पाहिजेत, हे नदीनेच ठरवून दिले होते.

माल उतरविण्यास यंत्र नव्हते. होडीपासून धक्क्यापर्यंत एक लवचिक फळी टाकीत आणि खांद्यावर गोणी घेऊन हमाल तीवरून ये-जा करीत. प्रत्येक गोणीमागे हमालाच्या हाती एक काडी देत; संध्याकाळी जितक्या काड्या तितक्या गोण्यांची मजुरी. आरंभी या होड्यांवर हिंदुस्थानच्या पूर्व किनाऱ्यावरून आलेल्या चुलिया मुसलमानांचा वरचष्मा होता, मागाहून चिनी नाखव्यांचा झाला. व्यापारी श्रीमंत होत तसतसे ते कुटुंबासह शहराबाहेरच्या मोकळ्या घरांत जाऊ लागले. त्यांच्या रिकाम्या झालेल्या माड्यांवर हमाल आणि नावाडी गावावार, बोलीवार एकत्र राहू लागले. फळ्यांची आडभिंत घालून एका खोलीच्या चार झाल्या, आणि ज्या खोलीस रस्त्याकडची खिडकी नव्हती तिला खिडकीच नव्हती.

होडीधक्क्याच्या मागे मार्केट स्ट्रीट नावाचा रस्ता आहे. तेथे तमिळ प्रांतातील नाटुकोट्टै चेट्टियार सावकारांच्या पेढ्या होत्या. त्यांच्या घरांना म्हणत ‘किट्टंगी’. पाठीमागे सोडलेला ‘किडंगु’ तो हाच! ज्या शब्दाचे एक पोर ‘गोदाम’ झाले, त्याचेच दुसरे भावंड येथे माणसांच्या बिऱ्हाडास लागले. एका लांबलचक दालनात अनेक पेढ्या शेजारी शेजारी असत. मध्ये भिंत नाही. प्रत्येकीस थोडीशी जागा, एक लाकडी पेटी, एक बुटके मेज आणि बसावयास चटई. दिवसा त्या चटईवर कर्जाचे व्यवहार होत, रात्री तीवरच निजणे. मागील बाजूस सर्वांचे मिळून एक स्वयंपाकघर. पेढीवरचा मुनीम देशाहून येई तो सामान्यतः तीन वर्षांच्या मुदतीने, एकटा. बायका-मुले चेट्टिनाडात. मुदत संपली की हिशेब करून तो परत जाई व त्याच्या जागी दुसरा येई.

हे वाचून आमच्या वाचकांच्या चेहऱ्यावर काय उमटेल याची आम्हांस कल्पना आहे. तीन वर्षांची मुदत, बदलीचा हुकूम, एक पेटी, सामाईक खानावळ! चेट्टिनाडातील गावांतून त्याच वेळी ब्रह्मदेशचे सागवान आणून प्रचंड वाडे उठत होते. ते वाडे ज्यांच्या मिळकतीवर उभे राहिले, त्यांची उमेदीची वर्षे मार्केट स्ट्रीटवर एका चटईएवढ्या जागेत गेली. घर एकीकडे आणि आयुष्य दुसरीकडे, ही गोष्ट केंद्र सरकारने प्रथम शोधून काढली असे जे आम्ही समजत होतो, तो आमचा गैरसमज होता.

आता दारातल्या ओसरीकडे वळू. रॅफल्सने १८२२ सालच्या सूचनांत एक अट घातली होती, तिचा आशय असा: प्रत्येक घराच्या दर्शनी भागास ठराविक खोलीची ओसरी असावी, आणि रस्त्याच्या दुतर्फा तिची सलग, छप्पर असलेली वाट होऊन ती सर्वांस सदैव खुली राहावी. मलय भाषेत तिला ‘काकी लीमा’, म्हणजे पाच फूट, म्हणतात. उन्हातान्हात, मुसळधार पावसात वाटसरूने शहराच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत कोरडे जावे, ही कल्पना उत्तम. परंतु जमीन कोणाची? घरमालकाची. वापर कोणाचा? सर्वांचा. म्हणजे भांडणाची पूर्ण सोय. दुकानदारांस वाटे, आमच्या छपराखालची जागा आमची; त्यांनी तेथे गोण्या रचल्या, फेरीवाल्यांनी टोपल्या मांडल्या. वाटसरू पुन्हा उन्हात.

फेब्रुवारी १८८८ मध्ये नगरपालिकेने ओसऱ्या बळाने मोकळ्या करण्याचे मनावर घेतले. दुकाने बंद झाली, रस्त्यांवर दंगल उसळली आणि शहराचा व्यवहार थांबला. अखेर नगरपालिकेस आपला आग्रह सौम्य करावा लागला: जाण्यायेण्यापुरती वाट सोडली तर थोडा माल चालेल, अशी तडजोड झाली. इतिहासात या प्रकरणास ‘ओसरीची दंगल’ म्हणूनच ओळखतात. आमच्या मते दोन्ही पक्षांचे काही खरे होते. ज्या घरात मालास आणि माणसास मिळून सोळा फूट, तेथे दारातले पाच फूट ही चैन नव्हे, गरज असते. आणि ज्या वाटसरूस घरच नाही, त्यास ते पाच फूट म्हणजे सबंध शहर असते. कायद्याच्या पुस्तकात अशा भांडणास एक कलम पुरते. जमिनीवर ते रोज नव्याने मिटवावे लागते.

दुसरे भांडण घराच्या मागल्या बाजूचे. घरे पाठीला पाठ लावून बांधलेली. मध्ये गल्ली नाही. त्यामुळे मैला वाहून नेणारा तो घराच्या आतून, पुढच्या दारानेच नेई. १९०६ साली या प्रकाराची पाहणी करण्यास डॉ. डब्ल्यू. जे. सिम्पसन यांस बोलाविण्यात आले. हे गृहस्थ पूर्वी कलकत्त्याचे आरोग्याधिकारी होते. १९०७ सालच्या त्यांच्या अहवालात हवा व उजेड नसलेल्या खोल्यांचे वर्णन आहे, आणि पाठीमागे गल्ल्या काढाव्यात ही मुख्य शिफारस आहे. गल्ल्या निघाल्या, पण अगदी सावकाश; घराचा मागला भाग तोडून द्यावयास कोणता मालक सुखाने तयार होईल?

पुढची कथा आपल्यास परिचित वाटेल. १९४७ साली सिंगापुरात भाडेनियंत्रणाचा कायदा झाला; त्याच वर्षी मुंबईतही झाला. भाडे गोठले, भाडेकरूस आधार मिळाला आणि मालकाने डागडुजी सोडून दिली. गिरगाव-काळबादेवीच्या चाळींची जी अवस्था झाली तीच या ओळीची. इकडे १९७२ साली तान्जोंग पागार येथे पेट्यांतून माल नेणाऱ्या जहाजांचे आधुनिक बंदर सुरू झाले. ज्या मालास यंत्र एका उचलीत जहाजावरून जमिनीवर ठेवते, त्यास होडी नको, फळी नको, हमालाची काडी नको आणि नदीकाठचे गोदामही नको. १९७७ साली पंतप्रधान ली क्वान यू यांनी नदी दहा वर्षांत स्वच्छ करण्याचा आदेश दिला. १९८३ साली होड्यांना येथून हलविण्यात आले. १९८७ साली मोहीम पुरी झाली. पाणी निवळले आणि धक्का रिकामा झाला. मार्केट स्ट्रीटच्या किट्टंग्या त्यापूर्वीच, नव्या व्यापारी इमारतींसाठी पाडण्यात आल्या होत्या. होडीधक्क्याची ओळ मात्र १९८९ साली संरक्षित म्हणून जाहीर झाली. दर्शनी भाग, समाईक भिंती, चौक, छपरे जपावीत; आत नवा धंदा करावा, असा नियम झाला.

आज तेथे संध्याकाळी गेल्यास दिव्यांची रोषणाई असते. खाली खानावळी आणि मद्यगृहे, वर कचेऱ्या. पाठीशी बँकांचे मनोरे. त्यांतील एक २८० मीटर उंच. त्यांच्या पायाशी लाल कौलांची ही बुटकी, कमी-अधिक उंचीची ओळ. एखाद्या कुटुंबाने भरभराटीच्या वर्षी मजला चढविला आणि शेजाऱ्यास ते जमले नाही, याची नोंद त्या वेड्यावाकड्या छपरांत अजून शाबूत आहे. ओसरीत खाद्यपदार्थांच्या यादीचे फलक उभे होते. एक पोऱ्या गिऱ्हाइकांस आत बोलावीत होता. त्यास चुकवून जाताना आम्ही ओसरीबाहेर उतरलो. आमचा मेहुणा हसून म्हणाला, “दाजी, एकशेतीस वर्षे होऊन गेली, भांडण काही मिटलेले दिसत नाही.” आम्ही त्यास विचारले, “तू येथे राहावयास का नाही आलास?” तो म्हणाला, “इथे कोणी राहत नाही हो. इथे जेवायला यायचे आणि घरी जायचे.”

त्याचे हे वाक्य आमच्या मनात घोळत राहिले. ही ओळ वाचली, हे खरोखर मोठे काम झाले. नाहीतर मार्केट स्ट्रीटसारखी ती आज केवळ नावाने उरली असती. पाहुण्याने जुन्या धक्क्याची स्वच्छता आणि रंगरंगोटी पाहून नाक मुरडावे, हे आम्हांस पसंत नाही. ज्या खोल्यांत खिडकी नव्हती, त्यांत राहणाऱ्यांनी ‘पूर्वीचे दिवस बरे होते’ असे म्हटले तर ऐकावे. आपण म्हणू नये. तरीही एवढे म्हटल्यावाचून राहवत नाही की, भिंती जपता येतात, चौक जपता येतो, कौले जपता येतात. पण त्या साऱ्यांस ज्या गरजेने आकार दिला ती गरज जपता येत नाही. वरच्या खोलीतले ते भोक अजून आहे. त्यातून खाली पाहण्यासाठी रात्री कोणी जागे नसते, कारण खाली जपण्यासारखे कोणाचे काही नाही.

परत आल्यावर एका रविवारी आम्ही मुद्दाम बडाबाजारातल्या जुन्या जागी गेलो. दारात खाटेवर बसलेल्या दरवानाने ओळखले. जिन्यात शिंका आल्या. मनास बरे वाटले. मात्र दुसऱ्या मजल्यावर आमच्या खोलीचे दार उघडले तेव्हा आत पाय ठेवावयास जागा नव्हती. खिडकीपर्यंत प्लास्टिकच्या खेळण्यांची खोकी रचलेली. शेजारचे बिऱ्हाडही गेले होते. तेथे छत्र्यांचे गठ्ठे. दरवान म्हणाला की, आता या इमारतीत वरचे सगळे मजले मालाचेच आहेत. माणसांपेक्षा खोक्यांचे भाडे बरे येते आणि खोकी पाण्यासाठी भांडत नाहीत. सिंगापुरात माल गेला आणि घरे रिकामी झाली. येथे माणसे गेली आणि घरे भरून गेली.

रात्री आईला हे सारे सांगितले. सिंगापूरची रोषणाई, ओसरी, चेट्टियारांची चटई, सर्व तिने शांतपणे ऐकून घेतले. मग आपल्या त्या जुन्या खोलीची हकीकत ऐकून ती म्हणाली, “अरे, मग आता रात्री वर असते तरी कोण?”

आम्ही म्हणालो, “कोणी नाही.”